'शांत राहा' याच्या पुढची ओळ

हे प्रकरण एका कॅथोलिक धर्मग्रामातलं, म्हणजे एका चर्चभोवतीच्या श्रद्धावंतांच्या समाजातलं आहे. जिची ही हकीकत आहे तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. मी तिची आध्यात्मिक सोबतीण होते. महिन्यातून एकदा ती माझ्याकडे यायची, प्रार्थनेत काय चाललंय ते सांगायची आणि आम्ही दोघी मिळून एखादा उतारा वाचायचो. मी धर्मगुरू नाही, त्यामुळे पापनिवेदनातलं यात काही नाही. या प्रकरणातली एक मोठी चूक माझी आहे. तीही जशी झाली तशी लिहिली आहे.

पार्श्वभूमी

ती व्यवसायाने हिशेबतपासनीस. धर्मग्रामाच्या वित्त समितीवर तिला सात वर्षं झाली होती. ही समिती हौसेची नसते. कॅथोलिक ख्रिस्तसभेचा कायदा, म्हणजे १९८३ चा कॅनन लॉ, त्याच्या ५३७ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात ती असावीच लागते आणि मालमत्तेच्या कारभारात धर्मगुरूंना मदत करणं हे तिचं काम असतं. समितीत तिच्याकडे रुग्णसाहाय्य निधी होता. आजारी माणसांच्या औषधपाण्यासाठी लोक स्वतंत्रपणे जे पैसे देत, ते या निधीत जमा होत.

तिची वही मी पाहिली आहे. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. तारीख, रक्कम, आणि शेवटच्या रुंद रकान्यात देणाऱ्याने सांगितलेलं कारण. 'आईच्या शेवटच्या आजारात याच निधीने हात दिला होता.' 'बाळ वाचलं म्हणून.' 'नाव लिहू नका.' हिशेब संगणकावर होताच, तरीही हा रकाना ती हाताने भरायची. देणाऱ्याचे शब्द तसेच राहिले पाहिजेत, असं तिचं म्हणणं होतं.

पेच

धर्मग्रामाचं नवं सभागृह अर्ध्यावर अडकलं होतं आणि ठेकेदाराचं देणं थकलं होतं. एका बैठकीत ठराव आला की रुग्णनिधीतली बहुतेक रक्कम 'तात्पुरती' सभागृहाकडे वळवावी. परत कधी करायची याची तारीख ठरावात नव्हती. समितीतले बाकीचे अकराही जण तयार होते आणि फादरांचीही संमती होती. विरोध तिचा एकटीचा.

यात चोर कोणी नव्हतं, हे आधीच सांगते. कुणाच्या खिशात एक पै गेली नाही. सभागृह सगळ्यांसाठीच बांधलं जात होतं. म्हणूनच तिचं म्हणणं कुणाला पटेना. १२६७ वं कलम स्पष्ट सांगतं की एखाद्या विशिष्ट कारणासाठी दिलेलं दान त्याच कारणासाठी वापरता येतं. तिने ते बैठकीत वाचून दाखवलं. उत्तर आलं, "शेवटी देवाच्याच घराला जातंय ना?"

पुढच्या काही आठवड्यांत वारं फिरलं. तिच्याच हिशेबात घोळ असावा, म्हणून ती आरडाओरडा करते आहे, अशी कुजबुज सुरू झाली. तिला समितीतून काढावं म्हणून सह्यांचा कागद फिरला. त्यावर तिच्या लग्नात साक्षीदार राहिलेल्या बाईंचीही सही होती. गायनवृंदाच्या सरावाचा निरोप मुलीपर्यंत पोहोचेनासा झाला. नवरा म्हणाला, "सोड ना. तुझ्या बापाचे पैसे आहेत का?"

एक प्रसंग तिने मला दोनदा सांगितला. रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, शांतीचं चिन्ह म्हणून एकमेकांना हात देण्याची वेळ आली. पुढच्या बाकावर सभागृहाचं काम पाहणारे गृहस्थ होते. त्यांनी डावीकडे हात दिला, उजवीकडे दिला, मागे वळले, तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजींचा हात हातात घेतला आणि पुन्हा पुढे वळले. तिचा पुढे केलेला हात तसाच राहिला. त्यानंतर लगेच 'हे देवाच्या कोकरा' ही प्रार्थना सुरू झाली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना.

परक्यांचा विरोध माणूस सोसतो. ज्यांच्याबरोबर एकाच वेदीपाशी जायचं, त्यांनीच पाठ फिरवली की देवच त्यांच्या बाजूला गेल्यासारखं वाटतं. ख्रिस्तसभेत हे नवं नाही. ऑस्ट्रेलियातल्या धर्मभगिनी मेरी मॅककिलॉप यांना २२ सप्टेंबर १८७१ रोजी त्यांच्याच बिशपांनी बहिष्कृत केलं आणि त्यांच्या संघातल्या अनेक भगिनींना बाहेर पडावं लागलं. त्या दिवसांत त्यांना राहायला घर दिलं ते एका ज्यू व्यापाऱ्याने. पाच महिन्यांनी, स्वतःच्या मरणापूर्वी काही दिवस, त्याच बिशपांनी आदेश मागे घेतला. २०१० मध्ये मेरींना संतपद जाहीर झालं. मी तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आणि ते पाच महिने?"

पहिला निर्णय: गप्प राहणं

सह्यांचा कागद फिरला त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. तिला झोप नव्हती, बोलताना हात थरथरत होते. मी तिला बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातलं चौदावं वचन दिलं. मागे मिसरच्या राजाचं, फारोचं सैन्य, पुढे समुद्र आणि घाबरलेल्या इस्राएली लोकांना त्यांचा नेता मोशे सांगतो, "परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा."

तिला त्या शब्दांनी खरंच धीर आला. ते तिने चिठ्ठीवर लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं. आणि ती गप्प बसली. पत्र लिहिलं नाही, बैठकीत मुद्दा पुन्हा काढला नाही, वर कुठे दाद मागितली नाही. रोज पहाटे जपमाळ, संध्याकाळी आराधना. परमेश्वर लढणार होता, आपण शांत राहायचं होतं. तिचं शांत होणं पाहून मलाही बरं वाटत होतं. असे चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत एका घरातून मदतीचा अर्ज आला. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागत होतं. निधीत पैसे नाहीत, असं त्यांना सांगण्यात आलं आणि त्यांनी कर्ज काढलं. हे तिला दोन महिने उशिरा, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

पुढची ओळ

त्या दिवशी ती माझ्यासमोर बसून रडली नाही. वही उघडून तिने चिठ्ठी दाखवली आणि विचारलं, "हे वचन माझ्यासाठी होतं की माझ्या भीतीसाठी?"

मी बायबल उघडलं. चौदावं वचन मला पाठ होतं, पंधरावं वाचल्याला बरीच वर्षं झाली होती. मोशेचं बोलणं संपतं आणि लगेच परमेश्वर त्याला म्हणतो, "तू माझा धावा काय करतोस? इस्राएली लोकांना सांग, पुढे चला." शांत राहा आणि पुढे चला, दोन्ही एकाच दमात आहे. मी तिला त्यातला अर्धाच भाग दिला होता.

कॅथोलिक शिकवणीचा अधिकृत संग्रह असलेला श्रद्धाग्रंथ १८१७ व्या परिच्छेदात आशेबद्दल सांगतो की आपण आपल्या बळावर नाही, तर पवित्र आत्म्याच्या कृपेच्या साहाय्यावर विसंबतो. २०९२ व्या परिच्छेदात तो फाजील भरवशाबद्दल बोलतो. त्याचे तिथे दोन प्रकार सांगितले आहेत. वरच्या मदतीशिवाय आपलं आपण भागवू, हा एक. देवाच्या सामर्थ्यावर आणि दयेवर हवाला टाकायचा, पण स्वतः बदलायचं नाही, हा दुसरा. आमच्या मौनाला दुसऱ्या प्रकाराचा वास होता. ते तेव्हाही भक्तीसारखंच दिसत होतं, म्हणून ओळखू आलं नाही.

समोरचे पर्याय

आम्ही कागद घेऊन बसलो. राजीनामा देणं सगळ्यांत सोपं होतं आणि नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं. पण ती तेव्हा आतून कोरडी पडली होती. प्रार्थनेत चव नव्हती, सगळं व्यर्थ वाटत होतं. संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम आहे की अशा विषण्ण काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. म्हणून राजीनामा बाजूला ठेवला, कायमचा नव्हे, मन थाऱ्यावर येईपर्यंत. (हा नियम छळ होत असलेल्या माणसाला 'सोसत राहा' म्हणून सांगायचा नाही. जीव किंवा मन मोडत असेल तर आधी बाहेर पडावं.)

दुसरा पर्याय, वहीची पानं धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. तिच्या भावाने टाइप करून ठेवलेला मजकूर तयार होता. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण त्यात सहा माणसांची नावं होती आणि त्यांच्यापुढे 'लुटारू' हा शब्द होता. तो तेवढा खरा नव्हता.

तिसरा पर्याय मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या पायऱ्यांचा. आधी एकट्याने एकट्याला भेट, मग एक-दोघांना सोबत घेऊन, मग ख्रिस्तसभेपुढे. हा रस्ता लांबचा होता आणि चार महिने आधीच वाया गेले होते. तिने तोच धरला. पैसे कुणी खाल्ले असते, तर मी तिला थेट पोलिसांकडे जा म्हटलं असतं. गुन्ह्यासाठी या पायऱ्या नाहीत.

केलेली कृती

ती फादरांना एकटीच भेटली. त्यांनी ऐकून घेतलं, पण ठराव झाला आहे, असं सांगून विषय संपवला. पंधरा दिवसांनी ती दोघांना घेऊन गेली. एक होते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. दुसरी एक विधवा दाती, जिचं 'नाव लिहू नका' वहीत होतं. तिने फादरांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं की ते पैसे तिने कशासाठी दिले होते. फादर बराच वेळ गप्प राहिले. त्या भेटीत निर्णय झाला नाही, पण सह्यांचा कागद त्यांनी त्याच आठवड्यात थांबवला.

मग तिने बिशपांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. दीड पान. त्यात ठरावाची प्रत, १२६७ वं कलम, आलेल्या दानांची बेरीज आणि डायलिसिसच्या अर्जाची तारीख एवढंच होतं. २१२ व्या कलमानुसार आपलं मत मेंढपाळांपुढे, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांपुढे, आदराने मांडणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि प्रसंगी कर्तव्यही आहे, हेही तिने लिहिलं. विशेषण एकही नव्हतं. पहिल्या खर्ड्यात एकवीस होती. आम्ही एकेक करून खोडली.

पत्र टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी जे झालं, ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं.

ती रोज बायबलमधलं स्तोत्र १०९ म्हणत होती, हे मला तेव्हा कळलं. 'त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो.' समितीतल्या प्रत्येकासाठी, पाळीपाळीने. ख्रिस्तसभेच्या दैनंदिन प्रार्थनाविधीतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं त्यांतल्या शापांमुळे वगळली आहेत, पण ती आपल्या बायबलमधून म्हणायची. मी तिला थांबवलं नाही. संताप देवापुढेच ओतावा, इतर कुठे ओतण्यापेक्षा ते बरं. मी फक्त यहोशवाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढून दिला.

मोशेनंतरचा इस्राएलांचा नेता यहोशवा यरीहो शहराजवळ नजर वर करतो, तर समोर उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष उभा. यहोशवा विचारतो, "तू आमच्या बाजूचा की आमच्या शत्रूंच्या?" उत्तर येतं, "नाही." ना आमच्या, ना त्यांच्या. "मी परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती म्हणून आलो आहे." यहोशवा जमिनीवर पालथा पडतो आणि मग पायतणं काढतो.

ती त्या 'नाही'वर अडून बसली. तिला वाटत होतं, कलम माझ्या बाजूने आहे, रुग्ण माझ्या बाजूने आहेत, मग देवही माझ्याच बाजूने असणार. मुद्दा तिचा बरोबर होता, आजही मी तेच म्हणेन. पण मुद्दा बरोबर असला म्हणून देव आपल्या गोटातला शिपाई होत नाही. तो त्या अकरा जणांचाही देव होता आणि त्यांना सोडून तो तिच्या तंबूत येणार नव्हता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पिशवीतून प्रार्थनापुस्तक काढलं, कोऱ्या पानावर अकरा नावं लिहिली आणि खाली बारावं फादरांचं. "शापाच्या जागी काय म्हणू?" तिने विचारलं. मी म्हटलं, नुसतं नाव घे. पुढचं जमेल तेव्हा.

दुसऱ्या दिवशी पत्र गेलं. भावाने तयार ठेवलेला मजकूर तिने त्याच्यासमोर पुसायला लावला.

काय झालं

उत्तर यायला सात आठवडे लागले. त्या काळात तिने रोज पहाटे राजा यहोशाफाटची प्रार्थना केली. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मोठी फौज चालून येते तेव्हा तो म्हणतो, "काय करावं आम्हाला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत." त्याच अध्यायात उत्तर मिळतं की ही लढाई तुमची नाही, देवाची आहे, आणि पाठोपाठ सांगणं येतं की उद्या त्यांच्यासमोर चालून जा. ही जोडी आता तिच्या नजरेतून सुटली नाही.

दरम्यान मदत आली ती आम्ही कधी पाहिलंच नव्हतं त्या बाजूने. निवृत्त बँकवाले गृहस्थ सहज ठेकेदाराला भेटायला गेले. तो ख्रिस्ती नव्हता. आपलं बिल रुग्णांच्या पैशातून भागवलं जातं आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने बाकीच्या देण्याला मुदत दिली, कसलंही व्याज न लावता. एवढ्या महिन्यांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सगळं भांडण 'पैसे लगेच द्यायलाच हवेत' या एका गोष्टीवर उभं होतं आणि ती गोष्ट कुणी पडताळली नव्हती, तिनेही नाही.

मग धर्मप्रांताकडून एक लेखापाल आले आणि दोन दिवस वह्या पाहून गेले. तिच्या हिशेबात चूक निघाली नाही. वळवलेली रक्कम हप्त्याहप्त्याने निधीत परत करावी, असा लेखी आदेश आला. हप्ते सुरू झाले, सभागृह लांबलं. डायलिसिसच्या घराला निधीतून पुन्हा मदत मिळू लागली, पण आधी काढलेलं कर्ज त्यांचं त्यांनीच फेडलं.

तिची मुदत संपली तेव्हा तिला पुन्हा नेमलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. कुजबूज थांबली, पण माफी कुणी मागितली नाही. लग्नातल्या साक्षीदार बाई आता रस्त्यात भेटल्या की थांबतात, हवापाण्याचं बोलतात. मुलगी गायनवृंदात परत गेली नाही आणि तिने आईला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मी तिला वचन देण्याआधी विचारायला हवं होतं की आज, या आठवड्यात, या मौनाची किंमत कोण मोजतं आहे. ती स्वतः मोजत असेल तर ते तिचं अर्पण ठरलं असतं. इथे एक आजारी माणूस मोजत होता आणि आमच्या प्रार्थनेच्या खोलीत तो कुठेच नव्हता. आता कुणी विरोधाने पिचून माझ्याकडे आलं की मी वचन नंतर काढते. आधी त्या न दिसणाऱ्या माणसाचं नाव विचारते.

फादरांना एकटं भेटणं पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं. अकरा जणांच्या समोर कलम वाचल्यावर त्यांना मागे फिरायला जागा उरली नाही. तेच एकांतात ऐकलं असतं तर कदाचित ठरावच टिकला नसता. कदाचित. हे तिचं स्वतःचं मत आहे. मला तेवढी खात्री वाटत नाही.

बिशपांच्या कार्यालयाकडून उत्तर आलंच नसतं तर? हा प्रश्न आम्ही तेव्हा टाळला. दात्यांना आपल्या पैशांचं काय झालं हे कळण्याचा हक्क आहे. तेव्हा ते त्यांना उघडपणे, नावं न उधळता सांगावंच लागलं असतं. देवावरच्या भरवशाच्या नावाखाली ती वेळ पुढे ढकलणं म्हणजे ते पहिले चार महिने पुन्हा जगणं झालं असतं. तशी तारीख आधीच ठरवून ठेवायला हवी होती. बायबलमधल्या नहेम्याने शत्रूंच्या धमक्या आल्या तेव्हा प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. त्याच्या पुस्तकात ही दोन्ही कामं एकाच वाक्यात आहेत. पहारा कुठे बसवायचा, ते आम्ही ठरवलं नव्हतं.

ती अजून त्याच चर्चमध्ये जाते. शांतीचं चिन्ह देताना पुढच्या बाकावरच्या गृहस्थांकडे हात करते. ते आता मागे वळून हात जोडतात, नजर मात्र बाकाच्या लाकडावर असते. वही दुसऱ्याकडे आहे आणि शेवटचा रकाना आता रिकामा राहतो, असं तिने ऐकलं. त्याचं तिला फार वाईट वाटतं.

बारा नावांचं पान तिच्या प्रार्थनापुस्तकात आहे. मागच्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, तिने ते मला दाखवलं. सातव्या नावापुढे बारीक क्रूस काढला होता. तो माणूस वारला तेव्हा तिने नाव खोडलं नाही, पान उलटून मागच्या बाजूला आपल्या वडिलांच्या नावाखाली पुन्हा लिहिलं.